वेशवीची चढण: ठाणे ते गुहागर किनारी मार्गाच्या एका मोडलेल्या आराखड्याचा अभ्यास

ठाण्याहून सायकलने, किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागर गाठायचं असं आम्ही चौघांनी ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी वेशवीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरून वर चढताना तो बेत मोडला. कोणी पडलं नाही, कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. पण आमच्यातला सगळ्यात दमदार गडी, चोवीस वर्षांचा मुलगा, रस्त्याकडेच्या गडग्यावर (दगडी बांधावर) दोन्ही मांड्या धरून बसला होता. दिवस मावळायला आला होता आणि मुक्कामाची दापोली अजून साठ किलोमीटर पुढे होती. मार्ग मी आखला होता, मुक्कामही मीच ठरवले होते. म्हणून परतल्यावर चूक नेमकी कुठे झाली हे कागदावर मांडायला मी बसलो. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहितो आहे, कारण ठाणे-नवी मुंबईतून दरवर्षी थंडीत कितीतरी जण हाच रस्ता धरतात आणि बहुतेकांचा हिशोब आमच्यासारखाच असतो.

आम्ही कोण आणि हिशोब काय होता

मी पाचपाखाडीत राहतो, वय बावन्न. माझा मित्र बँकेत आहे. शाळेत शिकवणाऱ्या एक ताई कळव्याच्या आणि त्यांचा भाचा कोपरखैरण्याचा. रविवारचा आमचा रस्ता ठरलेला: कळवा, ठाणे-बेलापूर रस्ता, वाशी, पाम बीच रोड, बेलापूर आणि परत. या रस्त्यावर चढ म्हणजे उड्डाणपूल. पाम बीचवर पहाटे वारा पाठीमागून असला की भाचा ताशी ३५ने निघून जायचा आणि बेलापूरला आमची वाट बघत चहा पीत बसायचा. त्याने २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, दहा तासांत पूर्ण केली होती. तिला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे साडेतीन तास हातात ठेवून. ताई सगळ्यात मागे. जुनी हायब्रिड सायकल, पुढे तीन चकत्या, मडगार्ड, कॅरिअर. भाच्याने त्यांना दोनदा तरी सांगितलं होतं, "मावशी, ही सायकल बदल आता."

किनारी मार्ग आम्ही असा तोडला होता. पहिल्या दिवशी ठाणे ते करंजा, तिथून लाँचने रेवस, मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड. सुमारे १३० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी मुरूडहून आगरदांडा, फेरीबोटीने दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, पुन्हा फेरीबोट, वेशवी, केळशी, आंजर्ले, हर्णे आणि दापोली. हेही साधारण १३०. तिसऱ्या दिवशी दाभोळ, धोपावे आणि गुहागर, म्हणजे पन्नासच्या आत. आमची सरासरी ताशी २२. दुसऱ्या दिवशीचे १३० किलोमीटर म्हणजे सहा तास, फेरीबोटी आणि जेवणाला दोन तास, एकूण आठ. सकाळी सातला निघालं तर दुपारी तीनला दापोली. कागदावर हे इतकं सरळ दिसत होतं की मी संध्याकाळी हर्णेचा मासळीचा लिलाव बघायला परत खाली जायचंही लिहून ठेवलं होतं.

डिसेंबरचा मध्य होता. पहिला दिवस ठरल्याप्रमाणे गेला. उरणच्या रस्त्यावर कंटेनर ट्रेलरची रहदारी वाढायच्या आत बाहेर पडायचं म्हणून पहाटे साडेचारला निघालो. करंज्याला ओहोटी होती. धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून सायकली हातात उचलून लाँचमध्ये दिल्या. रेवदंड्याला कुंडलिकेचा पूल ओलांडेपर्यंत रस्ता बहुतेक सपाटच होता. कोर्लई, काशीद, नांदगाव या पट्ट्यात चढउतार लागले, तेव्हा दिवसाच्या शेवटी पाय जड झाले म्हणून सोडून दिलं. खरं म्हणजे दुसऱ्या दिवसाची सूचना आम्हाला तिथेच मिळाली होती.

किनारा सपाट का नसतो

समुद्राच्या काठाने जाणारा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, ही समजूत मुंबई-ठाण्याच्या माणसाची. आपल्याकडे खाडी भरून केलेली जमीन आहे, मिठागरं आहेत, म्हणून पाम बीच सपाट आहे. कुंडलिकेच्या दक्षिणेला चित्र बदलतं. तिथे किनाऱ्यालगत सडे, म्हणजे जांभ्या दगडाची पठारं, आहेत, वर टेबलासारखे सपाट, समुद्राकडे आणि खाडीकडे एकदम तुटलेले. सह्याद्रीपासून समुद्र उण्यापुऱ्या पन्नास-साठ किलोमीटरवर, त्यामुळे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या आखूड आणि जोरकस. त्यांनी आणि त्यांच्यात मिळणाऱ्या पऱ्ह्यांनी (छोट्या ओढ्यांनी) हे सडे आरपार कापले आहेत. गावं, माडाच्या वाड्या आणि पुळणी (वाळूचे किनारे) खाली. एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ता वर. म्हणून प्रत्येक गावाला खाली उतरायचं आणि गाव संपलं की पुन्हा सड्यावर चढायचं. फेरीबोटीचा धक्का तर समुद्रसपाटीलाच असणार. तिथून सुटका नाही.

घाटाचा चढ याहून वेगळा. खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची एका दमात मिळवावी लागते, पण एकदा लय लागली की ती टिकते आणि वर पोचलं की काम झालं. किनाऱ्यावर चढ शंभर-दीडशे मीटरचेच असतात, मात्र तीव्र असतात आणि संपत नाहीत. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसाची एकूण चढाई मी दोन वेगवेगळ्या नकाशांवर काढली. दोन्हींत फरक आला, पण अठराशे मीटरच्या खाली एकही आकडा नव्हता. म्हणजे बोरघाट तीन वेळा. हे निघण्याआधी पाहिलं असतं तर दापोली हा मुक्काम मी लिहिलाच नसता.

दुसरा दिवस

मुरूडहून निघायलाच सव्वासात झाले. आगरदांड्याला पोचलो तेव्हा फेरीबोट नुकतीच सुटली होती, तिची पाठ दिसत होती. पुढची येईपर्यंत चाळीस मिनिटं. बोटीतून जंजिरा दिसतो, सगळे खूश होते, त्यामुळे त्या चाळीस मिनिटांची कोणी नोंद घेतली नाही. दिघीला पावणेनऊ. दिवेआगरला साडेदहा. तिथून आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला अगदी बिलगून जातो, मी पाहिलेल्या रस्त्यांतला सगळ्यात देखणा. तिथे आम्ही तीन वेळा थांबलो आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. श्रीवर्धनला पाऊण वाजता जेवायला बसलो, पावणेदोनला उठलो. भाच्याने दोन वाट्या भात घेतला आणि नंतर तासभर उन्हात हरिहरेश्वरकडे चढत राहिला. बागमांडल्याला चार. वेशवीला उतरलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती.

वेशवीचा धक्का सोडला की रस्ता सरळ वर निघतो. आधी ताई गेल्या. त्यांचे पाय हलके, भरभर फिरत होते, सायकल मात्र चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकत होती. मागून भाचा. त्याचा सगळ्यात हलका गिअर पडलेलाच होता, तरी प्रत्येक पायडल तो अंगाचा सगळा भार टाकून खाली ढकलत होता. एक पाय खाली जायचा, क्षणभर सगळं थांबायचं, मग दुसरा. हँडल डावी-उजवीकडे ओढलं जात होतं, मागच्या कॅरिअर बॅगेच्या वजनाने सायकल झोके खात होती. दुसऱ्या वळणावर त्याच्या उजव्या मांडीत गोळा आला. क्लीटमधून, म्हणजे बूट पायडलला अडकवणाऱ्या खिट्टीतून, बूट सोडवायला गेला तर डाव्या पायातही आला. मित्राने मागून सीट धरली म्हणून तो पडला नाही.

गडग्यापलीकडच्या घरातून एक आजी बाहेर आल्या. ताईंना त्यांनी विचारलं, "कुठनं आलीस गो?" ठाण्याहून म्हटल्यावर त्या काही न बोलता आत गेल्या आणि पितळी तांब्यात पाणी, त्यात कोकमाचं आगळ, मीठ आणि साखर असं ढवळून घेऊन आल्या. भाचा पीत असताना त्यांनी त्याच्या मांडीवर हाताने दाब देऊन खालून वर चोळलं, घरच्या नातवाला चोळावं तसं. मग म्हणाल्या, "दापोली आज नाय व्हायची. केळशीस जा, तिथं सोय होईल."

आम्ही तेच केलं. वर सड्यावर पोचेपर्यंत भाचा चालत गेला, मित्राने त्याची बॅग आपल्या कॅरिअरवर घेतली. काळोख झाल्यावर दोन सायकलींच्या दिव्यांत चौघे, उतारावर खडी आली की उतरून. चौथा दिवा चार्ज नव्हता आणि तिसरा गुरांच्या डोळ्यांत चमकण्यापुरताच. केळशीला पावणेआठ वाजता एका घरगुती खानावळीत जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी टेम्पोने खेड आणि तिथून रेल्वेने घरी.

आकडे पुन्हा मांडल्यावर

घरी पहिल्यांदा सगळे भाच्याच्या खाण्यापिण्याबद्दल बोलत होते. पाणी कमी प्यायला, मीठ कमी पडलं, दुपारी भात जास्त झाला. त्यात तथ्य असेल. पण त्याच उन्हात, त्याच रस्त्यावर, तसंच जेवून ताई चढल्या होत्या. गोळे फक्त मीठ कमी पडल्याने येत नाहीत. दमलेल्या स्नायूला सवयीपेक्षा जास्त जोर वारंवार लावायला लागला की येतात. मग तो जोर का लावावा लागला, हे मोजायला हवं होतं.

भाच्याच्या सायकलला पुढे लहान चकती ३४ दात्यांची, मागे सगळ्यात मोठी २८ची. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५५ मीटर पुढे जाणार. मिनिटाला साठ फेरे ठेवायचे तर वेग ताशी सव्वानऊ किलोमीटर हवा, आणि १० टक्के चढावर (शंभर मीटरला दहा मीटर उंची) ताशी सव्वानऊ म्हणजे तासाला नऊशे मीटरहून जास्त उभी चढाई. सात किलोची बॅग घेऊन, सत्तर किलोमीटर झाल्यावर, एवढं कोण करणार? तो ताशी सहाने चढत होता. म्हणजे मिनिटाला ३९ फेरे. प्रत्येक फेऱ्यात गुडघा आणि मांडी जवळपास जिना चढताना लागतो तसा जोर लावत होती. ताईंच्या सायकलला पुढे सगळ्यात लहान चकती २८ची, मागे ३२ची. त्याच ताशी सहाला त्यांचे ५४ फेरे. दम दोघांनाही लागला, मांड्या एकाच्याच बसल्या. पाम बीचवर जी सायकल जुनी आणि जड वाटत होती ती या रस्त्यासाठी बरोबर होती.

माझी चूक याहून मोठी, ती वेळेची. "चढताना जातो तेवढा वेळ उतारावर भरून निघतो" हे वाक्य मी कितीदा बोललो असेन. ते खोटं आहे आणि दोन ओळींत सिद्ध होतं. १० टक्क्यांचा एक किलोमीटर चढ ताशी सहाने दहा मिनिटं घेतो. तोच उतार, वळणं आणि खडी सांभाळत ताशी २५ने, अडीच मिनिटं. दोन किलोमीटरला साडेबारा मिनिटं झाली. सपाटीवर ताशी २०ने सहाच लागली असती. शंभर मीटर चढाईमागे साडेसहा मिनिटं जातात आणि ती परत येत नाहीत. अठराशे मीटरला जवळजवळ दोन तास. प्रत्येक माथ्यावर श्वास घ्यायला तीन मिनिटं धरली तर आणखी एक तास. सपाटीच्या हिशोबाचे साडेसहा तास, त्यात हे तीन, दोन फेरीबोटींचे वाट बघण्यासकट दीड, जेवणखाण आणि पाण्याचे दीड. साडेबारा तास. डिसेंबरात कोकणात उजेडच अकरा तासांचा. म्हणजे आमचं काहीही बिघडलं नसतं, भाच्याला गोळा आला नसता, तरीही आम्ही अंधारातच दापोली गाठली असती. आराखडा वेशवीला मोडलाच नाही. तो ठाण्यात, माझ्या टेबलावरच मोडलेला होता.

फेरीबोटींकडेही मी नुसता वेळ म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात फेरीबोट म्हणजे दरवाजा. तो पलीकडे उघडला की मागे फिरायची वाट जवळपास बंद होते. बागमांडल्याला चार वाजता उभे असताना आमच्यापुढे दोन पर्याय होते: हरिहरेश्वरला परत जाऊन राहणं, किंवा पलीकडे जाणं. पलीकडे काय आहे याचा विचार न करता आम्ही बोटीत चढलो, कारण बोट उभी होती. बोट समोर उभी असली की माणूस चढतोच.

जानेवारीत काय बदललं

भाच्याने हा रस्ता पुन्हा करायचा हट्ट धरला. मला आनंद झाला, तेवढीच धास्तीही वाटली.

गिअरचं काम आधी केलं. मागे ११-३४ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच, ११ ते ३४ दात्यांचा) बसवली. त्यासाठी मागचा डीरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लांब दांड्याचा (लाँग केज) घ्यावा लागला, चेनही नवी. आता ३४ला ३४, एका फेऱ्यात २.१ मीटर, ताशी सहाला ४८ फेरे. ताईंएवढे नाहीत, पण ३९ आणि ४८ यांत मांडी टिकते की बसते एवढा फरक आहे. २५ मिमीचे टायर काढून ३२चे घातले. त्याच्या फ्रेममध्ये ते बसले हे नशीब. सगळ्या रेसिंग सायकलींत बसत नाहीत. बॅगेतलं सामान चार किलोवर आणलं. पाम बीच बंद केला आणि महिनाभर उपवनहून येऊरचा चढ, बॅग लावून, एका सकाळी पाच वेळा. येऊरचा एक फेरा वेशवीच्या जवळपासचा आहे; पाचवा फेरा वेशवीला संध्याकाळी कसं वाटेल ते सांगतो. ताई पहिल्या दिवशी भाच्याला एवढंच म्हणाल्या, "पाय मोज, वेग बघू नकोस." त्याने सायकलवरच्या मीटरवर वेगाचा आकडा झाकून टाकला.

मार्ग सहा दिवसांचा केला. मुक्काम मुरूड, श्रीवर्धन, केळशी, दापोली, गुहागर, आणि सहाव्या दिवशी चिपळूणहून रेल्वे. रोजची फेरीबोट दुपारी बाराच्या आत ओलांडायची, हा एकच नियम. उशीर झाला तर अलीकडेच राहायचं. आणि प्रत्येक दिवसासमोर सुटकेची वाट लिहिली: श्रीवर्धनहून म्हसळामार्गे माणगाव स्टेशन, दापोलीहून खेड, गुहागरहून चिपळूण. किनारा आणि कोकण रेल्वे यांच्यात दर खाडीच्या दोन्ही बाजूंना एक आडवा रस्ता असतो. तो आधी माहीत असला की संध्याकाळी डोकं शांत राहतं.

खाण्याचंही सरळ केलं. दुपारी पोटभर जेवण बंद. दर तासाला थोडं थोडं, खजूर, चिक्की, केळं, आणि पाण्याच्या एका बाटलीत मीठ-साखर. सड्यावर टपरी नसते, म्हणून खालच्या गावातून वर निघताना दोन्ही बाटल्या भरायच्या.

बागमांडल्याला या वेळी सकाळी पावणेदहाला पोचलो. बोटीच्या लोखंडी उतारावर पाणी होतं, चालत उतरलो. वेशवीच्या चढावर ताई पुढे, त्यांच्यामागे वीस पावलांवर भाचा, बसूनच, एकदाही उभा न राहता. मित्र आणि मी मागून त्याच्या बुटांकडे बघत होतो. दुसऱ्या वळणावर तो थांबला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण तो आजींच्या घरासाठी थांबला होता. ठाण्याहून त्याने त्यांच्यासाठी खाऊचा डबा आणला होता. घराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की त्या लेकीकडे महाडला गेल्यात, डबा ठेवून जा, देईन. त्याने डबा दिला, बाटली भरून घेतली आणि पुन्हा सायकलवर चढला.

केळशीला दीड वाजता. उरलेली दुपार आम्ही पुळणीवर काढली. पुढचे दोन दिवस लिहिण्यासारखं फारसं काही घडलं नाही, आणि मला तेच हवं होतं. दाभोळच्या फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडली, धोपाव्याचा चढ चढलो, गुहागरला दुपारी साडेतीनला पोचलो. चढाईचा तक्ता रोज रात्री भरत होतो. एकही दिवस सातशे मीटरच्या पुढे गेला नाही आणि रोजच्या वेळेत माझा अंदाज अर्ध्या तासापेक्षा जास्त चुकला नाही.

गुहागरहून दक्षिणेला हेदवी, तवसाळ, मग शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. या पट्ट्याचं पान वहीत काढून ठेवलं आहे. अंतराचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवलाय. आधी चढाई, मग तवसाळच्या फेरीबोटीची वेळ, मग रत्नागिरी स्टेशनकडे निघायची वाट. पुढच्या नोव्हेंबरसाठी भाचा आत्ताच तारखा विचारतोय.